दगडी तटाआतला लाकडी सिंधुदुर्ग

मालवणच्या जेटीवरून होडीत बसायचे, दहा-पंधरा मिनिटांत दरवाजाशी उतरायचे, शिवाजी महाराजांच्या हातापायाच्या ठशांना नमस्कार करायचा, शिवराजेश्वराचे दर्शन घ्यायचे, गोड्या पाण्याच्या विहिरींत डोकावायचे, तटावर एक फोटो काढायचा आणि होडीवाल्याने हाक मारली की परतायचे. बहुतेकांचा सिंधुदुर्ग असा तासाभरात उरकतो. घरी गेल्यावर लक्षात राहतो तो तट. आत काय होते, असे विचारले तर उत्तर येते, ‘फारसे काही उरलेले नाही.’

उरलेले नाही ते लाकूड. किल्ला बांधला तेव्हा तट-बुरुज दगडाचे होते, पण माणसे राहत होती ती लाकडाच्या आसऱ्याने. दरवाजाच्या फळ्या, सदरेचे खांब, वाड्यांच्या तुळया, कोठारांची छपरे, चौकीवरच्या पडव्या आणि किनाऱ्याला लागलेली गलबते हे सगळे लाकूडकाम होते. ते कुजले, जळले, उचलून नेले गेले. आज आपण पाहतो तो किल्ल्याचा टिकाऊ अर्धा भाग. राहिलेला अर्धा भाग डोळ्यांपुढे उभा करता येतो. त्यासाठी कुठे पाहायचे, काय शोधायचे आणि किती वेळ हाताशी ठेवायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

ही गत एकट्या सिंधुदुर्गाची नाही. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली आणि राजवाड्याचा लाकडी डोलारा गेला, जोती तेवढी उरली. पुण्याचा शनिवारवाडा 1828 मध्ये जळला. आज तिथे दिल्ली दरवाजा, तट, कारंजी आणि जोती दिसतात, कारण मजले सागवानाचे होते. समुद्रातल्या किल्ल्याला तर आगीचीही गरज नाही. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी यांच्यापुढे देखभाल थांबलेले छप्पर काही वर्षेच तग धरते. एकदा कौले सरकली की वासे भिजतात, वासे गेले की भिंती उघड्या पडतात आणि मग मातीची भिंत विरघळायला दोन पावसाळे पुरतात.

सिंधुदुर्गाचे बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सुरू झाले आणि 1667 मध्ये पुरे झाले. देखरेख हिरोजी इंदुलकरांची. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. 48 एकरांचे बेट, सुमारे 30 फूट उंच आणि 12 फूट रुंद तट, 42 बुरुज. हे आकडे कुठल्याही माहितीफलकावर सापडतील. त्यांच्याबरोबर एक गोष्ट मनात धरून निघा. एवढ्या बंदोबस्तात शिबंदी, कारागीर, कोठावळे, त्यांची कुटुंबे आणि दाणागोटा राहायचा. ती एक वस्ती होती आणि वस्तीला छप्पर लागते.

आता जाण्याची तयारी. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत दर्या कुणाचे ऐकत नाही, तेव्हा जून-जुलैत मालवणला गेलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. सर्वांत चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. ऑक्टोबरचे ऊन आणि मेचा उकाडा दोन्ही तटावर फार जाणवतात, कारण तिथे सावली नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. त्या दिवसांत जेटीवरच्या रांगेतच उत्साह संपतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पहिल्या-दुसऱ्या होडीने निघालात तर किल्ला जवळपास तुमचा एकट्याचा असतो.

मालवणला रेल्वेने यायचे तर कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर उतरून एसटी किंवा रिक्षा धरावी. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, पण विमानांचे वेळापत्रक आधी पाहून घ्या. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट आहे.

होडीबाबत एक गोष्ट आधीच ठरवा. नेहमीच्या फेरीत होडीवाले साधारण तासाभराने परत यायला सांगतात. किल्ला नीट पाहायचा तर तास पुरत नाही, तीन तास हवेत. म्हणून होडीत बसण्यापूर्वीच विचारा, ‘दादा, आम्हाला तीन तास लागतील, परतीला दुसऱ्या होडीत घ्याल ना?’ आधी बोललात तर सहसा अडचण येत नाही. किल्ल्यावर गेल्यानंतर उशीर केलात तर मात्र तुमच्या होडीतली बाकीची माणसे उन्हात ताटकळतात. परतीची शेवटची होडी किती वाजता, हेही जेटीवरच विचारून ठेवा. लाइफ जॅकेट दिले की घाला. अंतर थोडे असले तरी तो समुद्र आहे.

जेटीवर जाण्याआधी अर्धा तास मोरयाच्या धोंड्यासाठी काढा. दांडी किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, चंद्र-सूर्य अशी चिन्हे कोरलेली आहेत आणि किल्ल्याच्या बांधणीआधीचे पूजन इथे झाले, असे मानतात. बहुतेक पर्यटक हे ठिकाण वगळतात. मला ते अतिशय महत्त्वाचे वाटते, कारण इथून समोर पाहिले की बेटाची निवड कळते. भोवती अर्धवट पाण्यात बुडालेले खडक आहेत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला ते फोडतील आणि ठाऊक असलेली लहान होडी त्यांतून सहज वळणे घेत जाईल. तुमची होडीही तशीच वळणे घेत जाते. होडी हाकणाऱ्या तांडेलाकडे लक्ष ठेवा, तो सरळ रेषेत कधीच जात नाही.

होडीतून उतरलात की घाई करू नका. समोर तट दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत वळणाची वाट आहे आणि अगदी जवळ गेल्यावरच महाद्वार नजरेस पडते. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. हत्तीने किंवा ओंडक्याने धडक द्यायची तर धावत यायला सरळ जागा लागते, ती इथे ठेवलेलीच नाही. दरवाजा लाकडी, म्हणून त्याच्या रक्षणासाठी दगडाची एवढी योजना.

दरवाजापाशी किमान पंधरा मिनिटे थांबा. गर्दी आत सरकू द्या. इथला दरवाजा उंबराच्या फळ्यांचा असल्याचे सांगतात. कोकणात उंबराचे लाकूड पाण्यात टिकते म्हणून विहिरीच्या तळाशी घालायची जुनी रीत आहे, तेव्हा समुद्राच्या दाराला उंबर हे ऐकायला पटण्यासारखे आहे. आता उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना पाहा. जुन्या किल्ल्यांच्या दरवाजांना आजच्यासारख्या बिजागऱ्या नसत. फळीचा खालचा कोपरा गोल, निमुळता करून उंबऱ्याच्या दगडातल्या खळग्यात बसवत आणि वरचा कोपरा माथ्याच्या दगडातल्या भोकात. सगळा भार खालच्या खळग्यावर. शेकडो वर्षे दार फिरून फिरून असा खळगा वाटीसारखा गुळगुळीत होतो. हात लावून पाहिलात तर दार किती वेळा उघडले-मिटले असेल, ते बोटांना कळते.

मग आतल्या बाजूच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोके शोधा. ती अडसराची. एका बाजूचे भोक खोल असते, कारण दार उघडे असताना अख्खा अडसर भिंतीत सरकवून ठेवायचा असे. संध्याकाळी तो ओढून समोरच्या भोकात घातला की दार बंद. मुले बरोबर असतील तर त्यांना ही भोके शोधायला सांगा. अडसर केवढा जाड होता, हे भोकाच्या मापावरून त्यांचे त्यांनाच सांगता येईल. बाजूच्या देवड्यांत पहारेकरी बसत. वर नगारखान्याची जागा आहे. दरवाजाजवळचा मारुती आणि छोट्या घुमट्यांखाली जपलेले चुन्यातले ठसे, उजव्या हाताचा आणि डाव्या पायाचा, हे सगळे दाखवतात. तेही पाहा, पण दार पाहून मग.

आत शिरल्यावर पायवाट शिवराजेश्वर मंदिराकडे जाते. वाटेत दोन्ही बाजूंना झाडीत दगडी चौथरे दिसतात. पर्यटक त्यांच्यावर बसून शहाळे पितात. ही घरांची, कोठारांची जोती आहेत. जोते वाचायला शिकणे अवघड नाही. प्रथम पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा, म्हणजे तोंड कळते. मग चौथऱ्यावर ठरावीक अंतराने सपाट, घडीव दगड बसवलेले दिसतात का ते पाहा. ते तळखडे, म्हणजे खांबाच्या बुडाचे दगड. लाकडी खांब थेट जमिनीत पुरला तर ओल आणि वाळवी त्याला खाते, म्हणून तो दगडावर उभा करत. दोन तळखड्यांमधले अंतर म्हणजे एक खण. किती खण आहेत हे मोजले की घराची लांबी, तुळईची लांबी आणि घरमालकाची ऐपतही कळू लागते. जिथे भिंत शिल्लक आहे तिथे तिच्या माथ्याखाली एका ओळीत भोके आहेत का पाहा. तुळयांची टोके त्यांत बसत. भोकांची एक ओळ असेल तर एक छत, दोन ओळी असतील तर वर माळा.

शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांच्या काळातले मानले जाते. सभामंडप बराच अलीकडचा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1906-07 च्या सुमारास बांधवलेला. म्हणजे इथे दोन काळांची बांधणी एकमेकीला लागून आहे. दर्शन झाल्यावर मंडपात उभे राहून आधी छताकडे आणि मग गाभाऱ्याकडे नजर टाका, फरक आपोआप दिसेल. आतली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीविना आहे आणि डोक्यावरचा टोपही चित्रांत पाहतो तसा नाही. इथे पूजा चालू आहे, हे देवस्थान आहे. पादत्राणे बाहेर, आवाज हळू आणि फोटोला परवानगी विचारून.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोडे आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, याचे आश्चर्य सगळेच करतात. पावसाचे पाणी बेटाच्या मातीत-खडकात मुरून खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहते, म्हणून हे शक्य होते. त्यातून उपसा मर्यादेत ठेवला तरच ते टिकते. या विहिरींनीच किल्ल्यावरची वस्ती तीन शतकांहून अधिक काळ जगवली.

होय, वस्ती अजून आहे. काही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या किल्ल्यात राहतात. त्यांची उतरत्या छपराची घरे, पुढची पडवी, शेणाने सारवलेले किंवा आता लादीचे खळे, अंगणातली तुळस पाहिली की उजाड जोत्यांवर काय उभे असेल याचा सर्वांत विश्वासार्ह नमुना मिळतो. त्यांच्याकडून शहाळे, ताक किंवा कोकम सरबत घ्या, पडवीत दोन मिनिटे टेका आणि वर पाहा. आढे कुठे, वासे कसे उतरतात, रिपांवर कौल कसे अडकते. पण ही घरे प्रदर्शनात मांडलेली नाहीत. आत डोकावू नका, न विचारता फोटो काढू नका. एखाद्या आजींना ‘आजी, हो वासो कसल्या लाकडाचो?’ असे मालवणीत विचारलेत तर मोडकेतोडके असले तरी त्या हसून सांगतील आणि तुम्हाला किल्ल्याबद्दल फलकावर नसलेले चार शब्द ऐकायला मिळतील.

मग तटावर चढा. दगडी जिने अनेक ठिकाणी आहेत, पण कठडा नाही आणि पायऱ्या उंच आहेत. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. लहान मुलांचा हात सोडू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वर न चढता मंदिर, विहिरी आणि दरवाजा एवढेच निवांत पाहावे, त्यात काही उणे राहत नाही. संपूर्ण तटाची फेरी तीन किलोमीटरच्या आसपास जाते, कारण तट सरळ नाही, नागमोडी आहे. सगळी फेरी जमली नाही तरी पश्चिमेची बाजू चाला. तिथे उघडा समुद्र तटावर आदळतो. वाटेत तटाच्या जाडीत बांधलेले शौचकूप दिसतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढ्या माणसांच्या स्वच्छतेची सोय कशी केली होती, हे पाहण्याजोगे आहे. राणीची वेळा म्हणून ओळखली जाणारी छोटी पुळणही याच फेरीत येते. महाराणी ताराबाई तिथे पोहायला जात, असे सांगतात. तुम्ही मात्र पाण्यात उतरू नका.

एवढे पाहिल्यावर मनात प्रश्न येतोच, हे सगळे पुन्हा का बांधू नये? सदर उभारावी, लाकडी वाडा उभा करावा, मुलांना दिसेल. जगात असे झालेले आहे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात फोर्ट क्लॅट्सॉप नावाचा छोटा लाकडी किल्ला आहे. लुइस आणि क्लार्क या शोधप्रवाशांच्या तुकडीने 1805-06 चा हिवाळा तिथे काढला, मूळ ओंडके कुजून गेले. 1955 मध्ये तिथे प्रतिकृती उभी राहिली, 2005 मध्ये ती जळाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधली. त्यांना ते साधले, कारण मूळ मंडळींनी रोजनिशीत आराखडा काढून ठेवला होता आणि नव्या इमारतीला ते उघडपणे प्रतिकृतीच म्हणतात. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेने मात्र जुन्या अवशेषांवर अंदाजाने नवे बांधण्याला नकार दिला आहे. 2025 च्या जुलैमध्ये सिंधुदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली इतर अकरा किल्ल्यांबरोबर. तेव्हापासून हा विषय आणखी जबाबदारीचा झाला आहे.

माझे मत स्पष्ट आहे. मूळ जोत्यावर अंदाजाने एकही खांब उभा करू नये. अंदाज चुकला तर पुढच्या पिढीला खरे आणि नवे वेगळे करता येणार नाही. पण किल्ल्याबाहेर, मालवणच्या जमिनीवर, कोकणी सुतारांकडून पूर्ण मापाची एक सदर, एक पहाऱ्याची चौकी आणि एक गलबत बांधून घेतले तर ते मला मनापासून हवे आहे. तिथे मुलांना अडसर ओढू द्यावा, वल्हे हातात धरू द्यावे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्यावर गेलात तर तिथली नवी तटबंदी आणि सिंधुदुर्गाचा जुना तट यांची तुलना करा. नवे आणि जुने ओळखायची नजर तयार करायला ती जागा उपयोगी आहे.

तोपर्यंत लाकूड पाहायचे असेल तर किल्ल्याबाहेर जावे लागेल आणि त्यासाठी मालवणात आणखी एक दिवस राहा. दांडी किनाऱ्याजवळ समुद्रात पद्मगड नावाचे खडकाळ बेट आहे. सिंधुदुर्गाचा हा सोबती. जहाजांची बांधणी-दुरुस्ती तिथे होत असे, असे सांगतात. पूर्ण ओहोटीला तिथे पायी जाता येते. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आहे. तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पाणी सर्वांत मागे हटते. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे हटत नाही, तो दिवस धरू नका. जागेप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि पाणी वळायच्या आत परत या. हा सगळा भाग 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा आहे. प्रवाळ, शंख-शिंपले उचलू नका.

परतताना दांडीवर ओढून ठेवलेल्या होड्या पाहा. फायबरच्या बऱ्याच आहेत, पण लाकडी होडी दिसली तर तिच्याशेजारी खाली बसा. फळीला फळी कशी भिडवली आहे, सांध्यात कापूस आणि राळ कशी भरली आहे, आतल्या बाजूच्या वाकड्या फासळ्या वाकड्या फांद्यांतूनच कशा निवडल्या आहेत. शिवकालीन गलबत याच विद्येचे मोठे रूप होते. एवढ्या आरमाराला लाकूड आणायचे कुठून, याचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. सागवान वगैरे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडले तर विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन न्यावे. किल्ला पाहून आल्यावर हा भाग मिळवून वाचा. दरवाजाच्या फळीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

कुडाळहून चौकेमार्गे येणार-जाणार असाल तर धामापूरला थांबा. 1530 मध्ये बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे कौलारू भगवती मंदिर. उतरत्या छपराखाली अंधार आणि गारवा कसा धरला जातो, हे तिथे अनुभवता येते. अर्धा दिवस हाताशी असेल तर सावंतवाडी गाठा. राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळते आणि चितारआळीत लाकडी फळे-खेळणी मिळतात. खेळण्यांना हलके पांगाऱ्याचे लाकूड, तुळईला साग, दाराला उंबर. कोणत्या कामाला कोणते झाड, हे इथल्या कारागिराला विचारा, तो कौतुकाने सांगतो.

सोबत काय घ्यावे ते थोडक्यात. टोपी, पाण्याची बाटली, प्रत्येकी एक कोरडा टॉवेल, जोत्यांची मापे घ्यायला मापनफीत आणि मुलांसाठी चित्रवही. मोबाइलचे नेटवर्क गृहीत धरू नका. रिकाम्या बाटल्या परत आणा, बेटावर कचऱ्याची विल्हेवाट लावणे सोपे नाही. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा आहे आणि ड्रोन उडवायला रीतसर परवानगी लागते. किल्ल्यावरून दुपारी परतलात तर जेवण मालवणच्या एखाद्या घरगुती खानावळीत घ्या, पण होडीत बसण्यापूर्वीच तिथे सांगून ठेवा. मासे मोजके आणलेले असतात आणि दोननंतर बांगडा सुद्धा शिल्लक राहत नाही.